स्वयंपाकघराला खिडकी कुठे आहे?



आपल्याकडे नवीन घर घ्यायचं ठरलं की आधी होकायंत्र निघतं. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ना, देवघर ईशान्येला आहे ना, हे चार-चार जण तपासतात. त्या स्वयंपाकघराला खिडकी आहे का, आणि असली तर ती कुठे उघडते, हे मात्र कुणी विचारत नाही. डक्टकडे उघडणारी, एक्झॉस्ट फॅनने निम्मी झाकलेली वीतभर खिडकी आपण ‘आहे की’ म्हणून सोडून देतो. मला आज त्या खिडकीबद्दलच बोलायचंय, आणि जरा रागानेच बोलायचंय.

घराचा नकाशा म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. घरात कुणाचा वेळ मोलाचा, उजेड-वारा कुणाच्या वाट्याचा, कुणी समोर बसायचं आणि कुणी आत राहायचं, याचा तो लेखी निकाल असतो. एकदा काँक्रीट ओतलं की तो निकाल पन्नास वर्षं फिरत नाही.

पटत नसेल तर आकडे बघा. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीचं किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर आहे. जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघराला ५ चौरस मीटर पुरे, रुंदी १.८ मीटर, म्हणजे जेमतेम सहा फूट. ‘राहण्याची खोली’ कशाला म्हणायचं, याच्या व्याख्येत झोपण्याची, अभ्यासाची, जेवणाची खोली येते. स्वयंपाकघर मात्र बसण्या-उठण्यासाठीही वापरात असेल तरच त्यात धरलं जातं. ज्या खोलीत बाई सकाळी सहापासून उभी असते, ती राहण्याची खोलीच नाही! आणि बिल्डर हे किमान माप कमाल समजून बांधतात.

यावर आपल्यातल्या काही जणी म्हणतात, जुन्या वाड्यांत असं नव्हतं, तेव्हा संस्कृती होती. बायांनो, जरा आठवून बघा. पुढे सोपा, तिथे पुरुषांची बैठक, सगळा उजेड तिथे. मग माजघर, दिवसाही अंधारं. त्याच्या मागे स्वयंपाकघर, धुराने काळं झालेलं. बाळंतिणीची खोली तर त्याहून कोंदट. सोप्यावर कोण आलंय हे बाईने दाराआडून बघायचं. वाड्याचा नकाशाही निकालच होता, आणि तोही आपल्या बाजूचा नव्हता. मात्र एक गोष्ट वाड्यात होती: मागचं परडं. विहीर, तुळस, उन्हात वाळणारे सांडगे-पापड, आणि शेजारणीशी बोलायला गडग्याची उंची. ते परडं आपलं होतं. फ्लॅटने माजघराचा अंधार ठेवला आणि परडं काढून घेतलं.

आता ओपन किचनची टूम आहे. भिंत पाडली म्हणजे बाई मोकळी झाली, असं जाहिरात सांगते. मला तर वाटतं, भिंत पाडल्यावर बाईचा पसाराही पाहुण्यांसमोर आला आणि तो झाकायचं काम वाढलं. भिंत असण्या-नसण्याचा हा प्रश्नच नाही. तिथे दुसरं माणूस उभं राहू शकतं का, हा प्रश्न आहे. जर्मनीत १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईने फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, १.९ बाय ३.४ मीटरचं. बाईची पावलं वाचावीत म्हणून हालचाली मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. हेतू चांगला होता. पण पुढे टीका झाली ती हीच, की तिथे एकच बाई मावते, म्हणून काम एकटीचंच होऊन बसतं. आपल्या सहा फुटी स्वयंपाकघरातही तेच होतं. नवरा-मुलगा मदतीला आला तर ‘तू बाहेर हो, मला वळता येत नाही’ असं आपणच म्हणतो. मदत न करण्याची सवय माणसांना लागते, पण तिला जागा नकाशा करून देतो.

आता आपल्या धर्माचं बघा. सूर्यास्तापूर्वी जेवायचं, कारण अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत आणि दिव्यावर कीटक झेपावतात. धान्य निवडायचं, भाजी शोधायची, पाणी गाळायचं, सगळं डोळ्यांनी नीट बघून. आणि हे सगळं आपण भर दुपारी बारा वाजता ट्यूब लावून करतो! नियमाची वेळ पाळतो आणि ज्या उजेडासाठी नियम आहे तोच विकत घेताना विसरतो. चातुर्मासात चौका लावायचा म्हटलं की तीन जणी एकमेकींना धडकतात. पडगाहनाला उभं राहावं तर दारासमोर लिफ्ट आणि चपलांचं कपाट. आपल्या पुराणांतल्या समवसरणाच्या रचनेत बारा सभा आहेत. तिथे आर्यिका-श्राविकांना जागा आहे, पशूंनाही आहे. कुणी कुठे बसायचं हा विचार धर्माने इतका बारकाईने केला, आणि आपण तो बिल्डरवर सोडून दिलाय.

‘जागाच कुठे आहे, भाव बघितलेत का?’ हे उत्तर मला मान्य नाही. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी जी वसाहत केली, तिथे प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचेच होते. तरी सात-सात घरांच्या मध्ये एक चौक आहे आणि प्रत्येक घराला आभाळ आहे. शहरातल्या टॉवरमध्ये तसं होणार नाही, हे मलाही कळतं. पण त्याच चौरस फुटांत दर्शनी उजेड महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांच्या हॉलला द्यायचा की रोजच्या स्वयंपाकाला, हे तर ठरवता येतं ना?

महाराष्ट्रात २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. म्हणून दस्तावर आपलं नाव येतं, नकाशावर आपलं मत येत नाही. सोसायटीचा पुनर्विकास निघाला की सभेला पुरुष जातात आणि वाढीव कार्पेट किती, पार्किंग किती, एवढं बोलून सही करतात.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सभेला चहाच्या कपांपाशी थांबू नका, नकाशाच्या टेबलापाशी बसा. स्वयंपाकघराची खिडकी बाहेरच्या भिंतीला मागा. ओट्यासमोर दोघांना उभं राहता येईल एवढी रुंदी मागा. ओट्याची उंची तुमच्या कोपराच्या मापाने घ्या. कोरडी बाल्कनी बंद करून खोली वाढवू देऊ नका, तेवढंच आपलं परडं उरलंय. आणि कुणी आग्नेय दिशा दाखवायला लागलं तर एवढंच विचारा, ‘ऊन कुठून येणार?’