ताल नाही म्हणून बेताल?

‘ड्रमर नाही? मग तो बँड कसला!’ हा शेरा आता इतक्या सहजपणे मारला जातो, की हा सिद्धान्त आहे की नुसती सवय, याचा विचार करायला कुणी थांबत नाही. ड्रमर मिळाला नाही, परवडला नाही किंवा ऐन वेळी सोडून गेला, की एकतर कार्यक्रम रद्द करायचा, नाहीतर लॅपटॉपमध्ये आधीच भरून ठेवलेले ड्रम वाजवून वेळ निभावून न्यायची. हे दोनच मार्ग आहेत असे समजणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. त्यातही पहिल्यांपेक्षा दुसऱ्यांशी अधिक.

वस्तुतः ज्यांच्या भाषेत लय आणि ताल असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांनी तरी हा घोटाळा करू नये. सतारीचा आलाप संपून जोड सुरू होतो तेव्हा तबलजी मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसलेला असतो. आवर्तन नसते, सम यायची नसते आणि तरीही लय श्रोत्याच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचलेली असते. झाल्यात तर चिकारीच्या तारांवरचा आघातच ठेक्याचे काम करतो. हे पिढ्यानपिढ्या ऐकत आलेला समाज पाश्चात्त्य धाटणीच्या बँडपुढे बसला, की लय म्हणजे ड्रमसेट असे का समजू लागतो, हे कोडेच आहे.

बरे, पाश्चात्त्यांचाच दाखला हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेतील ब्लूग्रास हा संगीतप्रकार बिल मन्रो आणि त्याचे ‘ब्लू ग्रास बॉइज’ यांनी घडवला. १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन त्यांच्यात आला आणि या संगीताचे रूप पक्के झाले. मँडोलिन, बँजो, गिटार, फिडल आणि उभा बास. ड्रम नाहीत. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या मंचावर तर ड्रमना अनेक वर्षे मज्जावच होता. (त्या सोवळेपणाचे समर्थन आम्हाला करायचे नाही.) आता हे संगीत संथ असते तर प्रश्न नव्हता, पण ते भरधाव असते. मग गाडी रुळावर ठेवतो कोण? पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास खालून आधार देतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनवाला तारांवर एक आघात करतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटे सैल सोडतो. स्वर जन्मताच मरतो; उरतो तो कोरडा ‘टक्’. तिकडे याला ‘चॉप’ म्हणतात.

खरी गंमत पुढेच आहे. मँडोलिनवाल्याची एकट्याने वाजवायची पाळी आली, की त्याचा चॉप थांबणार. तेव्हा ते काम बँजोवाला किंवा फिडलवाला कुणी न सांगता उचलतो आणि स्वतःची पाळी आली की पुढच्याकडे देतो. लयीचे ओझे एकाच माणसाच्या डोक्यावर कायमचे नसते. पालखीला खांदेकरी बदलावेत तसे ते फिरत राहते. अशा बँडमध्ये कुणालाही फक्त आपल्यापुरते वाजवता येत नाही. ड्रमरच्या पाठीवर विसावायला शिकलेल्या गिटारवादकाला इथे पहिल्या दहा मिनिटांतच घाम फुटेल. जॅझमध्ये ऑस्कर पीटरसन, रे ब्राउन आणि हर्ब एलिस या तिघांनी १९५३ ते १९५८ या काळात पियानो, बास आणि गिटार एवढ्यावरच जो वेग गाठला, तो ऐकताना ड्रमची आठवण येते का, हे ज्याने त्याने पाहावे.

आता लॅपटॉपकडे वळू. यंत्राला आमचा विरोध नाही. लीड्समध्ये १९८० साली सुरू झालेल्या ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ने आपल्या ड्रम मशीनचे ‘डॉक्टर ॲव्हलांच’ असे बारसेच केले आणि बँडचा सभासद म्हणून त्याला मिरवले. स्टीव्ह अल्बिनीच्या ‘बिग ब्लॅक’ने ‘रोलँड’ला वादकांच्या यादीत बसवले. यंत्राचा तो न थकणारा, निर्दय ठोका हाच त्या संगीताचा आशय होता. तिथे माणूस बसवला असता तर सगळे बिघडले असते. नॉटिंगहॅमच्या ‘स्लीफर्ड मॉड्स’मधला अँड्र्यू फर्न तर मंचावर लॅपटॉपचे बटण दाबतो आणि खुशाल डुलत राहतो. जे घडते आहे ते प्रेक्षकाला दिसते आहे. फसवणूक कुठेच नाही.

आमचा राग आहे तो लपवलेल्या ड्रमवर. मंचावर चौघे, कानांत क्लिकची टिकटिक आणि पाचवा अदृश्य. गायिकेला एखादी ओळ पुन्हा घ्यावीशी वाटली, तर ट्रॅकला ते ठाऊक नाही. सभागृह रंगले, लय किंचित चढावी असे सर्वांनाच वाटले, तरी ट्रॅक आठवड्यापूर्वी ठरलेल्या गतीनेच चालणार. ढोलकीवाला गाणाऱ्याकडे पाहत असतो. ट्रॅक कुणाकडेच पाहत नाही. मग ‘प्रत्यक्ष सादरीकरण’ ते कोणते?

आमच्याकडे महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांपासून लग्नातल्या ‘संगीत’पर्यंत ट्रॅकवर गाणे इतके अंगवळणी पडले आहे, की ढोलकीवाल्याला बोलावणे ही चैन वाटू लागली आहे. आयोजक म्हणतात, एका माणसाचे मानधन वाचते, वाद्यांची ने-आण वाचते, जादा माइक वाचतात. वाचते, यात शंका नाही. पण मग ढोलकीचा आवाजही वाचवा ना! माणूस नको, त्याचे मानधन नको, आवाज मात्र हवा, हा कुठला हिशेब?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : मोठमोठ्या बँडांचे ड्रमरसुद्धा आता कानात क्लिक घेऊनच वाजवतात. खरे आहे. ड्रमर असणे ही जिवंतपणाची हमी नव्हे, हेच तर आम्ही म्हणतो आहोत.

तेव्हा ज्यांच्याकडे ड्रमर नाही त्यांनी ट्रॅक शोधण्याआधी महिनाभर ट्रॅकशिवाय तालीम करावी. गती पळेल, पळू द्यावी. कोण पळवतो ते तरी कळेल. गिटारच्या तारा तळहाताने दाबून ठेका धरता येतो, बासला कमी आणि नेमके वाजवायला शिकवता येते. आयोजकांना मात्र एकच विनंती. पत्रिकेवर गायक, वादक आणि निवेदक यांची नावे छापता, त्याच ओळीत तेवढ्याच ठळक अक्षरांत ‘ढोलकी : ध्वनिमुद्रित’ असेही छापा. मग तिकिटे किती खपतात ते पाहू.