आम्ही कुणावर हसत होतो?

"ह्यातली हिरोईन कधी येणार?" आईने विचारलं.

जानेवारीतला रविवार होता. हिवाळ्यात जबलपूरच्या घराघरांत जे चालतं तेच आमच्याकडेही चालू होतं. बाबांनी पाच किलो मटार आणून टाकला होता, पलंगावर जुनी चादर पसरली होती आणि आई आणि मी शेंगा सोलत बसलो होतो. सोलताना हात गुंतलेले असतात, पण डोळे मोकळे असतात. म्हणून मी फोन उशीला टेकवून माझी थाई मालिका लावली होती.

"हिरोईन नाहीये, आई. हे दोघंच आहेत. ह्या दोघांचीच लव्ह स्टोरी आहे."

आईचा हात शेंगेतच थांबला. मला वाटलं, आता काहीतरी कारण काढून स्वयंपाकघरात जाईल. पण ती म्हणाली, "बरं. मग ह्यांच्या घरच्यांचं काय?"

मंडळी, मी गेली पाच वर्षं ह्या मालिका बघतेय. मैत्रिणींशी तासन्‌तास त्यावर बोललेय. पण त्यातली चांगली कुठली आणि टाकाऊ कुठली, हे ओळखायची इतकी सोपी कसोटी मला कधी सुचली नव्हती. घरच्यांचं काय? आजचा लेख त्या एका प्रश्नावर आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीएल म्हणजे बॉइज लव्ह, दोन मुलांची प्रेमकथा. त्याचं मूळ जपानमधलं. तिथे १९७०च्या दशकात स्त्रियांनी, मुख्यतः मुली आणि बायका वाचतील म्हणून, अशा चित्रकथा काढायला सुरुवात केली. थायलंडने ते टीव्हीवर आणलं. २०१४मध्ये 'लव्ह सिक' आली, २०१६मध्ये 'सोटस', आणि २०२०मध्ये 'टुगेदर'. 'टुगेदर' फेब्रुवारी ते मे ह्या काळात चालली, म्हणजे बरोबर आपण सगळे घरात कोंडलेले असताना. मी तेव्हा बीएला होते. परीक्षा पुढे ढकलल्या होत्या, दिवस संपत नव्हता आणि ही मालिका यूट्यूबवर इंग्रजी सबटायटल्ससकट फुकट होती. तेरा भाग मी तीन दिवसांत संपवले.

मला काय आवडलं? खरं सांगू, त्यात कुणी मरत नाही, हे आवडलं. त्याच वर्षी मी विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' वाचलं होतं, तेही इंग्रजी अनुवादात, कारण कॉलेजच्या लायब्ररीत तेवढंच मिळालं. मराठी घरातली मुलगी, मराठी नाटक आणि वाचतेय इंग्रजीत! आम्हा जबलपूरकरांचं हे असंच असतं. १९८१मध्ये रंगमंचावर आलेलं ते नाटक. दुसऱ्या एका मुलीवर प्रेम करणारी मित्रा आणि तिची गोष्ट सांगणारा तिचा मित्र बापू. तेंडुलकरांनी त्या काळात हे लिहिलं हे केवढं धाडस! पण शेवटी मित्रा जगत नाही. त्याआधी मी जे काही पाहिलं होतं त्यात अशी माणसं एकतर विनोदाला असायची, नाहीतर रडवायला. 'टुगेदर'मध्ये दोन मुलं गिटार वाजवतात, भांडतात, एकमेकांना खाऊ घालतात आणि शेवटी एकत्र असतात. एवढं साधं सुखसुद्धा तेव्हा मला नवीन होतं.

पण आवडलं म्हणून डोळे मिटून कौतुक करायचं, असं नाही. माझ्या ह्या मालिकांबद्दल तक्रारी आहेत आणि त्या दर वर्षी वाढतायत.

पहिली तक्रार. बऱ्याच मालिकांत नायक अगदी हळवा होऊन सांगतो की मला तशी मुलं आवडत नाहीत, मला फक्त तूच आवडतोस. ऐकायला गोड वाटतं. पण त्याचा अर्थ काय होतो? मी 'त्यांच्यातला' नाही, हाच ना? म्हणजे ज्यांची गोष्ट सांगून एवढी लोकप्रियता मिळवली, त्यांच्यातच नायकाला मोजून घ्यायचं नाही.

दुसरी तक्रार जबरदस्तीची. २०१९च्या 'थार्नटाइप'चे सुरुवातीचे भाग आज बघवत नाहीत. समोरचा नको म्हणतोय आणि तरी त्याला हात लावला जातो, आणि पुढे त्यालाच प्रेम म्हणायचं. आपल्या हिंदी सिनेमातला हिरो वर्षानुवर्षं हिरोईनच्या मागे लागायचा, तोच हा आजार.

तिसरी तक्रार मुलींबद्दलची. लिहिणाऱ्या बऱ्याच बायका, बघणाऱ्या तर बायकाच जास्त, आणि पडद्यावरची मुलगी एकतर खलनायिका, नाहीतर दोघांचे फोटो काढत खिदळणारी. आपणच आपल्याला एवढं कमी का लेखतो?

चौथी जोड्यांची. तेच दोन कलाकार पुन्हा पुन्हा एकत्र आणायचे, मालिका संपल्यावरही कार्यक्रमांत आणि जाहिरातींत त्यांना जोडीनेच मिरवायचं. मग त्यातल्या एकाचं खऱ्या आयुष्यात कुणाशी जमलं की चाहते चिडतात. त्या पोरांनी अभिनय विकलाय, आयुष्य नाही.

आणि पाचवी तक्रार. ती मालिकेपेक्षा माझ्याबद्दलच जास्त आहे.

'टुगेदर'ची सुरुवात आठवा. टाइनच्या मागे ग्रीन नावाचा एक मुलगा लागलेला असतो. मोठ्याने बोलणारा, हातवारे करणारा, नखरेल. त्याला टाळण्यासाठी टाइन सारावतला खोटाखोटा बॉयफ्रेंड व्हायला सांगतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. ग्रीन आला की आपण हसायचं, अशीच ती दृश्यं लिहिलीत. २०२०मध्ये मी पोट धरून हसले. दोन वर्षांनी पुन्हा बघायला घेतली, तेव्हा हसू घशातच अडकलं. दोन देखण्या, रुबाबदार मुलांचं प्रेम ते प्रेम. आणि ज्याच्या चालण्याबोलण्यात ते दिसतं, तो जोकर?

मला आमच्या अकरावीच्या वर्गातला एक मुलगा आठवला.

त्याचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर. फळ्यावरचा सुविचार तोच लिहायचा. रांगोळी अशी काढायचा की आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत बायका त्याला बोलावून न्यायच्या. आणि वर्गात आम्ही त्याला एका नावाने हाक मारायचो. ते नाव इथे लिहीत नाही. ते मी पाडलं नव्हतं, ही माझी सफाई. पण प्रत्येक वेळी मी हसले होते, हेही तितकंच खरं. संमेलनात त्याला नाचायचं होतं. शेवटच्या आठवड्यात त्याने नाव मागे घेतलं. पाय मुरगळलाय, असं सरांना सांगितलं. तोच पाय घेऊन तो रोज सायकलवरून घरी जायचा. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं.

त्याला मुलं आवडायची की मुली, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. हसायला तेवढी माहिती लागत नाही.

तर आता आईच्या कसोटीकडे येऊ. घरच्यांचं काय?

आईला मी जाणूनबुजून निवडून दोन मालिका दाखवल्या. पहिली २०२३ची 'मूनलाइट चिकन'. आठच भाग. पटाया शहरात चिकन-राइसचं छोटंसं दुकान चालवणारा जिम नावाचा माणूस. बहिणीच्या मुलाला त्याने वाढवलंय, भाड्याची आणि धंद्याची काळजी आहे, प्रेमात एकदा चांगलाच पोळलाय. त्या भाच्याची मैत्री एका ऐकू न येणाऱ्या मुलाशी होते. त्या मुलाच्या घरी सगळं आहे, पण आईबाप हातवाऱ्यांची भाषाच शिकलेले नाहीत. भाचा मात्र ती शिकतो. आई तिथे मटार सोडून बघत राहिली. "पोटच्या पोराशी बोलता येत नाही म्हणजे काय," असं दोनदा म्हणाली. नंतर म्हणाली, "बाकी सगळं ठीक, पण हे लोक सकाळ-संध्याकाळ कोंबडीच खातात का?"

दुसरी 'बॅड बडी'. २०२१च्या ऑक्टोबरपासून २०२२च्या जानेवारीपर्यंत चाललेली. शेजारी शेजारी दोन घरं, दोघांचा धंदा एकच, आणि वैर असं की मुलांनी एकमेकांशी बोलायचंही नाही. अर्थात दोन घरांतली मुलंच एकमेकांच्या प्रेमात पडतात. माझ्या तिसऱ्या तक्रारीला इथे चांगलं उत्तर मिळालं. जी मुलगी दोघांच्या मध्ये येणार असं आपल्याला वाटतं, ती मध्ये येतच नाही, तिची स्वतःची वेगळी प्रेमकथा निघते. आणि शेवटी दोन्ही घरं गळ्यात गळे घालत नाहीत. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, कुणी काही बोलत नाही, आणि त्या न बोलण्याच्या फटीत ही दोघं आपलं आयुष्य मांडतात. मला वाटलं होतं, आईला हा शेवट अर्धवट वाटेल. ती म्हणाली, "घरात असंच असतं. माहीत सगळ्यांना असतं."

आईला सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मीच मोठ्याने मराठीत सांगत होते. आणि तिथे माझी खरी परीक्षा झाली. बॉयफ्रेंडला काय म्हणू? मित्र म्हटलं तर खोटं वाटतं. प्रियकर म्हटलं तर नाट्यगीतातलं. असल्या नात्यासाठी आमच्या घरात, शाळेत, गल्लीत मला जे शब्द मिळाले होते ते सगळे शिव्या होते, नाहीतर टिंगल. तिसऱ्या भागापर्यंत आईनेच तोडगा काढला. तिला नावं लक्षात राहत नव्हती. "हा आला, पण ह्याचा तो कुठेय?" असं विचारू लागली. नवऱ्याचं नाव न घेता 'आमचे हे' म्हणण्यात तिचा अर्धा जन्म गेलाय, तिला अडचण कसली! 'ह्याचा तो'. इतका साधा, इतका घरातला शब्द. मी इंग्रजीची पदवी घेऊन तो शोधत होते.

तुम्ही म्हणाल, मालिका बघून जग बदलतं का? एकट्या मालिकांनी नाही बदलत. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५पासून दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना कायद्याने लग्न करता येतं. आग्नेय आशियातला असा तो पहिला देश. त्यासाठी तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, पडद्यावरच्या गोड मुलांमुळे ते आपोआप झालं नाही. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने असं नातं गुन्हा नाही असं सांगितलं. १७ ऑक्टोबर २०२३ला मात्र लग्नाचा हक्क न देता तो प्रश्न संसदेवर सोडला. न्यायालय आणि संसद त्यांचं काम करतील. पण वर्गातलं टोपणनाव कुठल्या कलमाने जात नाही. ते घरातच, जेवताना, मटार सोलताना जातं, किंवा जात नाही.

आणि आपल्याकडेही गोष्टी येतायत. थायलंडचा कायदा लागू झाला त्याच जानेवारीच्या अखेरीस रोहन कानवडे ह्यांच्या 'साबर बोंडं' ह्या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुंबईहून गावी दहा दिवसांसाठी आलेला मुलगा, लग्न कधी करतोस म्हणून पिच्छा पुरवणारे नातेवाईक आणि लहानपणीचा दोस्त. तो सिनेमा मी पुण्याला भावाकडे गेले तेव्हा पाहिला. त्यात गिटार नाही, रुबाबदार कपडे नाहीत. पण मुलाला ओळखणारी आई आहे. माझ्या आईच्या कसोटीवर तो पैकीच्या पैकी गुण घेतो.

आता शेवटचं. 'बॅड बडी'चा नववा की दहावा भाग चालू होता आणि आई एकदम म्हणाली, "तुमच्या वर्गातला तो मुलगा ग, गणपतीत रांगोळी काढायचा तो. कुठे असतो हल्ली? फार गुणी होता."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तरी तिला तोच का आठवला, हे मी विचारलं नाही. माहीत सगळ्यांना असतं.

त्या रात्री शाळेच्या ग्रुपमधून त्याचा नंबर काढला. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं: "अकरावीत आम्ही तुला जे म्हणायचो, त्यावर मीही हसायचे. तुझा पाय मुरगळला नव्हता हे मला माहीत होतं. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. "पाय कधीचा बरा झालाय. काकू कशा आहेत?"

हे लिहिण्याआधी त्याला विचारलं. नाव टाकू नकोस, एवढंच म्हणाला. आणि मालिकांची यादी मागितली.

तुम्हालाही यादी हवी असेल तर 'मूनलाइट चिकन'पासून सुरुवात करा, मग 'बॅड बडी'. घरात लहान मुलं असतील तर वयाची सूचना आधी बघून घ्या, जुन्या मालिका तर नक्कीच. आणि शक्य असेल तर एकट्याने, कानात हेडफोन घालून बघू नका. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा. मटाराचा मोसम अजून संपलेला नाही.