बोलण्याची परीक्षा

परदेशी शिक्षणाची वाट धरणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आपल्या मुलामुलींना आयेल्ट्स परीक्षेतील इंग्रजी संभाषणाचे भय वाटते. हे भय अनाठायी आहे. ही मुलाखत अवघी 11 ते 14 मिनिटांची. दुसऱ्या भागात 1 मिनिट विचार करून 2 मिनिटांपर्यंत बोलावयाचे असते. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण व उच्चार यांस सारखेच महत्त्व. आपल्या हेलाबद्दल गुण कापले जात नाहीत. शब्द मात्र स्पष्ट कळले पाहिजेत. पढविलेला साक्षीदार उलटतपासणीत फसतो, तसेच पाठ केलेले उत्तर येथे उघडे पडते. म्हणून रोज सायंकाळी दोघे-दोघे बसा, घड्याळ समोर ठेवा, आपल्या गावाविषयी इंग्रजीत बोला. ज्यांच्या पूर्वजांची वाचाच बंद करण्यात आली, त्यांच्या लेकरांनी आता भयापोटी मौन धरणे उचित नव्हे.