मातीचे करार आणि सरकारचा शब्द

अमेरिकेतील शेतकरी म्हणजे अवाढव्य यंत्रावर बसून हजारो एकर नांगरणारा, सरकारच्या दारी कधीही न जाणारा धनिक, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती खरी नाही. मातीची राखण सरकारी तिजोरीतून करण्याची एक मोठी व्यवस्था त्याच देशात उभी राहिली, आणि २०२५ साली त्या व्यवस्थेची जी अप्रतिष्ठा झाली ती आमच्या शेतकऱ्यांनीही डोळसपणे पाहावी अशी आहे.

या व्यवस्थेचा जन्म धुळीतून झाला. गवताळ मैदाने बेबंद नांगरली गेली, पाठोपाठ अवर्षण आले आणि १९३०च्या दशकात माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ चा दिवस तर 'काळा रविवार' म्हणूनच इतिहासात नोंदला गेला. ह्यू हॅमंड बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ त्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये कायद्यासाठी खटपट करीत होता. पश्चिमेकडची धूळ राजधानीच्या आकाशात पोहोचली तेव्हा त्याने सिनेटरांना ती खिडकीतून दाखविली, असे सांगतात. युक्तिवादाला याहून चांगला साक्षीदार कोणता मिळावा! २७ एप्रिल १९३५ रोजी कायदा झाला आणि मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले.

पण आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती पुढची पायरी. केंद्राच्या अधिकाऱ्याने परक्याच्या बांधावर उभे राहून हुकूम सोडावा हे चालणार नाही, हे लवकरच ध्यानात आले. १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून स्थानिक मृदसंधारण मंडळांचे कायदे करण्यास सुचविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेनेटच्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात ब्राउन क्रीक येथे पहिले मंडळ स्थापन झाले. आज अशी मंडळे सुमारे तीन हजार आहेत. पुष्कळ ठिकाणी त्यांवर शेतकरी आणि गुरांचे कळप राखणारे पशुपालक निवडून जातात.

पैशाची रीत मात्र आपल्याकडच्या वाचकाने नीट समजून घ्यावी, कारण सारा पेच तेथेच आहे. १९९६ पासून चालत आलेल्या मुख्य योजनेत शेतकरी सरकारशी करार करतो. कुरणाला कुंपण घालणे, गुरांसाठी पाण्याची टाकी बांधणे, मोकळ्या हंगामात माती झाकणारे पीक पेरणे अशी कामे तो बहुधा आधी स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने करतो. तपासणी होते, आणि मगच सरकार आपला वाटा, बहुधा पाऊण खर्चापर्यंत, चुकते करते. म्हणजे उसनवारीचा धनको शेतकरी आणि ऋणको सरकार! तरीही मागणी इतकी, की २०१० ते २०२० या काळात या योजनेतील दर दहा अर्जदारांपैकी सुमारे तिघांनाच करार मिळाला. ही तूट भरून काढण्यासाठी २०२२ च्या कायद्याने सुमारे १,९५० कोटी डॉलर जादा मंजूर केले.

२० जानेवारी २०२५ रोजी नव्या अध्यक्षांच्या आदेशाने त्या कायद्याखालील रकमांचे वाटप थांबले. थांबलेल्यांत झालेल्या करारांचे पैसेही होते. ज्याने कुंपण घातले, टाकी बांधली, त्याला सांगण्यात आले की फेरविचार चालू आहे. एका महिन्याने कृषिमंत्र्यांनी सुमारे दोन कोटी डॉलर मोकळे केल्याची घोषणा केली. एप्रिलमध्ये ऱ्होड आयलंडच्या संघीय न्यायालयाला थांबविलेले पैसे सोडण्याचा आदेश द्यावा लागला. जुलैतील कायद्याने उरलेली रक्कम नेहमीच्या योजनांत मिळविली आणि हवामानविषयक अट काढून टाकली. हा शेवटचा निर्णय सर्वस्वी वाईट असे आम्ही म्हणत नाही. पैसा कायमच्या अंदाजपत्रकात आला, हे बरेच झाले. सरकारने धोरण बदलावे, तो त्याचा अधिकार आहे; सही केलेल्या कराराचा पैसा अडवून धोरण बदलणे ही मात्र सावकारालाही न शोभणारी गोष्ट होय.

नुसत्या पैशाने माती टिकते असेही नव्हे. १९८५ च्या कायद्याने दुसरी योजना आली: झिजणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे पडीक ठेवून गवताखाली आणावी, सरकारने एकरी खंड द्यावा. २००७ मध्ये अशी जमीन सुमारे ३ कोटी ६८ लाख एकरांवर गेली. मग धान्याचे भाव चढले, करार संपत गेले आणि लक्षावधी एकरांवर पुन्हा नांगर फिरला.

आता घरची गोष्ट. १९४२ साली मुंबई सरकारने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला, तेव्हा बेळगाव आणि विजापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यातच होते. सोलापूर-विजापूरच्या कोरडवाहू संशोधनाच्या आधारे समपातळीवर बांध घातले गेले. शास्त्र चोख होते; पण समपातळीची रेषा शेताच्या हद्दी जुमानीत नाही. तुकड्यातुकड्यांच्या शेतीत बांध एकाच्या शेताच्या मध्येच आडवा आला, औताला अडचण झाली, पाणी शेजाऱ्याच्या बाजूला तुंबले, आणि पुष्कळांनी तो फोडला किंवा आपल्या हद्दीवर सरकविला. त्यांना अडाणी ठरविणे सोपे होते. आधी विचारणे अवघड नव्हते, पण ते झाले नाही. मेंढपाळाची तर बातच सोडा: तिकडे कुरणासाठी टाकी आणि कुंपण मिळते, इकडे मृदसंधारण म्हटले की बहुधा पहिला निर्बंध चराईबंदीचा!

२००८ च्या पाणलोट मार्गदर्शक तत्त्वांत एक शहाणपणाची तरतूद आहे. खाजगी जमिनीवरील कामाच्या खर्चाचा किमान दहावा हिस्सा, आणि लहान शेतकरी व अनुसूचित जातिजमातींच्या बाबतीत विसावा, लाभधारकाकडून घेऊन पाणलोट विकास निधीत ठेवावा, म्हणजे योजना संपल्यावर बांधबंधाऱ्यांची डागडुजी त्यातून होईल. ज्या ज्या गावी अशी योजना होऊन गेली तेथील ग्रामस्थांनी येत्या ग्रामसभेत हे खातेपुस्तक मागवावे. त्यात आज शिल्लक किती, शेवटची रक्कम कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या सहीने निघाली, हे मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगावे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहिल्याखेरीज उठू नये.