विसर्जनाचे रसायन

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मुठेच्या घाटावर जाऊन पाहण्याचे धाडस फार थोडे भाविक करतात. आदल्या रात्री ज्या मूर्तीपुढे हात जोडले, तिचे भग्न अवशेष गाळात रुतलेले पाहणे कोणत्याही श्रद्धावंताला क्लेशदायकच असते. हे क्लेश टाळण्याचा एक मार्ग पुण्यातीलच शास्त्रज्ञांनी गेल्या दशकात दाखवून दिला. ३ जानेवारी १९५० रोजी पाषाण परिसरात जिचे उद्घाटन झाले, त्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती घरच्या घरी विरघळविण्याची पद्धती सिद्ध केली आणि २०१६च्या सुमारास पुणे महापालिकेने त्यासाठी लागणारे अमोनियम बायकार्बोनेट नागरिकांना विनामूल्य देण्यास प्रारंभ केला.

या पद्धतीचे शास्त्र कोणालाही समजेल इतके सोपे आहे. प्लास्टर पाण्यात कालवून साच्यात ओतले की त्याचे जिप्सम, म्हणजेच कॅल्शियम सल्फेट बनते. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणूनच मूर्ती महिनोन्‌महिने पाण्यात तशीच पडून राहते. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मात्र तिचे रूपांतर होते. कॅल्शियमचा चुनखडीसारखा साका तळाशी बसतो, कार्बन डायऑक्साइड वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो आणि पाण्यात उरते ते अमोनियम सल्फेट. शेतकरी ज्याला खत म्हणून ओळखतो, तेच हे द्रव्य. मूर्तीच्या वजनाइतकेच अमोनियम बायकार्बोनेट घेतले तर लहान मूर्ती सुमारे दोन दिवसांत विरघळते. एक किलो प्लास्टरमागे सुमारे पाऊण किलो खत आणि अर्ध्या किलोहून थोडा अधिक साका मिळतो, असे रसायनशास्त्राचे गणित सांगते.

मात्र या उपायाच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. बेकरीत वापरले जाणारे हे द्रव्य ‘खायचा सोडा’ या नावाने सांगितले जाते आणि तेथेच गफलत होते. स्वयंपाकघरातला सोडा हा सोडियमचा. त्यातून सोडियम सल्फेट तयार होते, ज्याचा झाडांना उपयोग तर नाहीच, उलट जमीन खारावण्याचा धोका. दुसरे असे की, या क्रियेने प्लास्टर नाहीसे होते, रंग नव्हे. रासायनिक रंगांत शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू असतील, तर ते त्या पाण्यात आणि साक्यात राहणारच. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खताचे हे पाणी पुरेसे पातळ करून बागेला घालावयाचे आहे. ते मोरीत ओतले तर शेवटी नदीतच जाते आणि नदीतील जलपर्णीला तेवढेच अधिक खाद्य मिळते! उपाय अर्धवट केला की तोच अपाय ठरतो.

या विषयावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. वर्षाचे ३६५ दिवस शहराचे मैलापाणी मुळा-मुठेत मिसळत असताना पर्यावरणाचे उपदेश नेमके गणेशोत्सवातच का सुचतात, असे अनेक भाविक विचारतात. जपानच्या अर्थसाहाय्यातून सुमारे ९९० कोटी रुपयांच्या नदी सुधारणा प्रकल्पाचा करार २०१६च्या जानेवारीत झाला. पण अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रांचे हे काम वर्षानुवर्षे रखडले. ही दिरंगाई उत्सवावर बोट ठेवून झाकता येणार नाही. परंतु दुसऱ्याचे पाप मोठे म्हणून आपले लहान पाप पुण्य होत नाही. हेच पाणी पुढे भीमेला मिळून उजनीत जाते आणि तेथील गावांच्या घशाखाली उतरते, याचे भान भक्ताला नको काय?

परंपरेचे म्हणावे, तर शास्त्राने सांगितलेली मूर्ती ‘पार्थिव’ आहे. पृथ्वीपासून घडवावी आणि पृथ्वीतत्त्वातच विलीन व्हावी, हा तिचा अर्थ. प्लास्टर आले ते स्वस्ताई, हलकेपणा आणि उंचीच्या स्पर्धेपोटी. त्याचा धर्माशी संबंध नाही. तथापि पेण-हमरापूरच्या सहस्रावधी कारागिरांची चूल त्यावर पेटते, हेही विसरता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरला मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून अभ्यास करवून घेतला. अखेर ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यावरील बंदी उठविली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाची मोकळीक दिली नाही. जुलैत, सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचे निर्देश दिले. म्हणजे मूर्ती घडणार, पण सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती नदीत जाणार नाहीत. मग त्या हौदांत साठलेल्या मूर्तींचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे उत्तर न्यायालय नव्हे, रसायनशास्त्रच देऊ शकते.

महापालिकेने केवळ पुड्या वाटून थांबू नये. हौदांतून काढलेल्या मूर्तींवर हीच प्रक्रिया शास्त्रशुद्ध रीतीने करावी, रंगांची तपासणी व्हावी आणि खताचे द्रावण उद्यानांपर्यंत पोहोचावे. शाडूही पाण्यात विरघळत नाही, तो गाळ होऊन बसतो. म्हणून ती माती गोळा करून पुन्हा मूर्तिकारांना देणाऱ्या ‘पुनरावर्तन’सारख्या उपक्रमांना मंडळांनी बळ द्यावे. आणि घराघरांतून, शक्य तेथे, लहान व नैसर्गिक रंगांच्या मातीच्या मूर्तीचाच आग्रह धरला जावा.

ज्या नगरीत लोकमान्यांनी या उत्सवाला राष्ट्रकार्याचे रूप दिले, त्याच नगरीतील प्रयोगशाळेने त्याच्या विसर्जनाचा एक मार्ग शोधावा, हा योग अर्थपूर्ण आहे. पुढच्या वर्षी लवकर येण्याचे निमंत्रण आपण ज्याला देतो, त्याच्या परतीची वाट निर्मळ ठेवणे हेही पूजेचेच अंग आहे.