पंख्याचा अंमल कोणाकडे?

वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि त्याच दिवसांत प्रवेशाचे अर्ज, वर्षाचे हिशेब नि प्रकल्पांचे अहवाल पुरे करण्यासाठी असंख्य माणसे वातानुकूलन नसलेल्या खोल्यांतून लॅपटॉपपुढे बसलेली असतात. यंत्राचा तळ हाताला सोसवेनासा होतो, पंखा अखंड घुमू लागतो, अक्षरे उमटण्यास विलंब लागतो आणि अखेर पडदा एकाएकी काळा होतो. दुरुस्तीच्या दुकानात बहुधा ‘यंत्र जुने झाले’ किंवा ‘खाली कूलिंग पॅड ठेवा’ एवढेच सांगितले जाते. हे उत्तर अपुरे आहे. कारण यंत्र किती तापू द्यावे आणि पंखा केव्हा, किती वेगाने फिरवावा याचा निर्णय ज्या आज्ञावलीने घेतलेला असतो, तिचा त्यात विचारच नसतो, आणि तो निर्णय पाहण्याची वा बदलण्याची मुखत्यारी बहुतेक ग्राहकांना दिलेलीच नसते.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकात उष्णतेच्या तीन प्रकारच्या मर्यादा कल्पिलेल्या आहेत : एक ओलांडताच पंखा सुरू व्हावा, दुसरी ओलांडताच प्रोसेसरने आपली गती कमी करावी, आणि तिसरी गाठताच यंत्राने स्वतःला बंद करून घ्यावे. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांची सहनसीमा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. मात्र पंख्यावर प्रत्यक्ष हुकमत बहुतेक लॅपटॉपांत ऑपरेटिंग सिस्टिमची नसून मदरबोर्डावरील एका लहानशा स्वतंत्र नियंत्रकाची असते, आणि कोणत्या तापमानाला किती वेग, याचा तक्ता उत्पादकाने त्यात आधीच भरून ठेवलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टिम गोठली तरी पंखा थांबू नये, या हेतूने केलेली ही योजना शहाणपणाची आहे, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती हा तक्ता ग्राहकाला बंद असतो याची. कोणताही तक्ता कोणती तरी खोली गृहीत धरूनच रचावा लागतो. अ‍ॅपलसारखी कंपनी आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावेत असे सांगते. उष्णता बाहेर पडते ती तप्त धातू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील अंतराच्या बळावर. तेव्हा २४ अंशांच्या कार्यालयात जे अंतर सहज लाभते, त्यातले १८ अंश ४२ अंशांच्या खोलीत आरंभीच वजा झालेले असतात. शिवाय पंख्याचा आवाज ग्राहकाला नकोसा वाटेल म्हणून त्याला शक्य तितका वेळ मंद ठेवण्याकडे उत्पादकाचा कल असू शकतो. शांतता हवी की शीतलता, हे ज्याच्या घरात ते यंत्र आहे त्याने ठरवावे.

असे स्वातंत्र्य दिले तर लोक यंत्रे जाळून टाकतील, ही भीती अनाठायी आहे. लिनक्समध्ये थिंकपॅड लॅपटॉपांसाठी बोरिस्लाव देयानोव्ह यांनी आरंभिलेल्या आणि पुढे एन्रिके द मोराएस होल्शुह यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेल्या ड्रायव्हरकडे पाहावे. त्यात पंख्याला ० ते ७ असे टप्पे देता येतात. पण ही मुभा मुळात बंद असते आणि वापरणाऱ्याला ती समजून-उमजून उघडावी लागते. शिवाय त्यात एक राखणदार घड्याळ आहे. ते लावून ठेवले आणि ठरवलेल्या मुदतीत, जी फार तर १२० सेकंदांची असते, पंखा सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडून नवी आज्ञा आली नाही, तर ड्रायव्हर पंखा आपण होऊन चालू करतो. अधिकार आणि सुरक्षितता यांची इतकी नेटकी सांगड ज्यांनी घातली, त्यांच्याविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो. इतर अनेक लॅपटॉपांच्या बाबतीत मात्र, कागदपत्रेच उपलब्ध नसल्यामुळे, नियंत्रकाच्या कोणत्या खान्यात कोणता आकडा लिहिला असता पंखा कसा वागतो हे स्वयंसेवकांना चाचपडत शोधावे लागले आहे.

हा तक्ता खुला होईतोवर ग्राहकाच्या हाती काहीच नाही असे नव्हे. आधी मोजावे, मग उपाय करावा. लिनक्समध्ये एलएम-सेन्सर्स या प्रोग्रामने तापमान दिसते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्राम प्रोसेसरला राबवतो आहे ते कळते, पण त्या प्रोसेसरचे तापमान तेथे दिसत नाही, ही उणीव खटकणारी आहे. जाळीतली धूळ काढावी, गादीवर लॅपटॉप ठेवू नये, हे सर्वश्रुतच आहे. त्यापेक्षा टर्बोविषयी, म्हणजे प्रोसेसरला त्याच्या मूळ गतीपलीकडे नेणाऱ्या सोयीविषयी, अधिक सांगणे अगत्याचे आहे. प्रोसेसरची वीज त्याच्या गतीच्या, तसेच व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि टर्बोत ही दोन्ही एकदम चढत असल्यामुळे थोड्याशा जादा गतीसाठी उष्णतेची किंमत फार मोठी पडते. विंडोजच्या पॉवर पर्यायांत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, किंवा लिनक्समध्ये इंटेलच्या ड्रायव्हरला टर्बो बंद ठेवण्यास सांगितले, की बहुतेक यंत्रांत टर्बो थांबतो. लेखन-वाचनाच्या कामात फरक क्वचितच जाणवतो, आणि लॅपटॉप मात्र लक्षणीय थंड राहतो.

दोष धुळीत नसून आज्ञावलीत असू शकतो, याचा दाखला २०१८ चा आहे. त्या वर्षीच्या मॅकबुक प्रोची गती उष्णतेपायी अवाजवी घसरते असा बोभाटा झाला, तेव्हा फर्मवेअरमध्ये एक डिजिटल किल्ली राहून गेल्यामुळे उष्णतेचे व्यवस्थापन बिघडले होते, असे अ‍ॅपलने जाहीर केले आणि सॉफ्टवेअर पाठवून ती चूक दुरुस्त केली. असा दोष कोणत्याही कारागिराला स्क्रू उघडून सापडला नसता.

केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी ग्राहकांपुढे ठेवावी अशी अपेक्षा व्यक्त केली. त्या माहितीत प्रत्येक लॅपटॉपच्या तापमापकांची यादी, पंख्याचा तक्ता आणि तो बदलण्याची रीत यांचा समावेश सक्तीने व्हावा. यंत्र जळण्यापासून वाचवणारी अखेरची मर्यादा तेवढी उत्पादकाने आपल्या हाती राखावी.