काडु मल्लेश्वर : दर्शनाबरोबर जतनही हवे

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वर मंदिर भाविकांच्या वर्दळीने नेहमी गजबजलेले असते. मात्र ज्या शिलालेखामुळे या देवस्थानाचे मराठ्यांशी असलेले नाते समजते, त्याकडे दर्शनाच्या ओघात लक्ष जातेच असे नाही.

१६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बेंगळुरू जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्यानंतर हा प्रदेश पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे होता. त्यांनी मल्लपुरच्या मल्लिकार्जुनाच्या पूजेअर्चेसाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. मंदिर त्यांनीच उभारले, असे सांगितले जाते. लेख मात्र दानाविषयी बोलतो. १६८७ मध्ये शहर म्हैसूरच्या वोडेयारांकडे गेले, तरी ही नोंद टिकून राहिली.

कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे अरण्य. १८९८ च्या प्लेगनंतर येथे वस्ती वाढली आणि अरण्य केवळ नावात उरले. मंदिरासमोरचे नंदी तीर्थही मातीखाली गाडले गेले होते. ते १९९७ मध्ये पुन्हा उजेडात आले.

जपानमध्ये शिंतो देवस्थान आणि त्याभोवतीची वनराई वेगळी मानली जात नाही. इसे येथील मंदिर तर दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. २०१३ नंतरचा पुढचा सोहळा २०३३ मध्ये आहे. तेथे लाकूड बदलते, परंतु बांधणीचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते. शिलालेखाला ही सोय नाही. दगड फुटला किंवा अक्षरे झिजली, तर तो पुरावा पुन्हा घडवता येत नाही.

बी. एल. राइस यांनी १९०५ मध्ये बेंगळुरू परिसरातील शिलालेख ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांपैकी अनेक लेख नंतर बांधकामांच्या रेट्यात नाहीसे झाले. २०१८ मध्ये हेब्बाळ येथे गटाराच्या खोदकामात सुमारे इ.स. ७५० चा वीरगळ सापडला आणि नागरिकांनी तो जपला. मिथिक सोसायटीने २०२१ पासून शिलालेखांचे त्रिमितीय संगणकीय चित्रण हाती घेतले.

अशा चित्रणाने अक्षरे वाचतील. दगड मूळ जागी राहण्यासाठी मात्र देवस्थान, शासन आणि भाविक या तिघांनाही लक्ष घालावे लागेल. महाराष्ट्रातून बेंगळुरूला जाणाऱ्यांनी गाभाऱ्याबरोबर या लेखाचीही विचारपूस केली, तरी त्याच्या जतनास बळ मिळेल.